गच्चीचं काम यंत्रावर नेताना: मोकळा भाग यंत्राला, कडा हाताला

गच्ची गळते ती बहुतेक वेळा कडेने. कठड्याच्या पायाशी, पावसाळी पाइपाच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीच्या चौथऱ्याखाली, सोलरच्या किंवा डिशच्या बोल्टाभोवती. मधला सपाट भाग बिघडतो तो उतार चुकल्यामुळे, नाहीतर खालचा कोबा आधीच पाणी पिऊन बसल्यामुळे. वॉटरप्रूफिंग आणि उष्णतारोधनाच्या धंद्यात आता थर्मल कॅमेरा, ड्रोन, एअरलेस मशीन (हवेशिवाय, नुसत्या दाबाने कोटिंग फवारणारं), फोम मारणारं मशीन, सॅटेलाइटच्या चित्रावरून क्षेत्रफळ काढणारी ॲप्स अशी साधनं येत आहेत. ही सगळी मोकळ्या सपाट भागावर भराभर चालतात. कडेला आली की अडतात. म्हणून यंत्र घेताना हिशेब असा ठेवा की मधल्या भागावर वाचलेला वेळ कडेच्या कामात घालायचा आहे. तो वेळ वाचला म्हणून दर पाडला, तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच तक्रार येते.

परदेशातही असंच आहे. ब्रिटनमध्ये क्यू-बॉट नावाचा छोटा रोबो लाकडी जमिनीखालच्या पोकळीत शिरून फोम फवारतो. पण त्याआधी पोकळीत शिरायला वाट करणं, आतला राडारोडा काढणं, लाकडाची ओल तपासणं आणि हवेच्या जाळ्या मोकळ्या ठेवणं हे माणसालाच करावं लागतं. अमेरिकेत घर बंद करून पंख्याने आत हवेचा दाब वाढवतात आणि ॲक्रिलिकचे बारीक थेंब सोडतात. ते फटींवर बसून फटी बुजवतात आणि गळती ठरलेल्या आकड्यावर आली की काम थांबवता येतं. तिथेही दारं-खिडक्या, नळ, पंखे झाकायला माणसंच लागतात. आपल्याकडची घरं उघड्या खिडक्यांची असल्यामुळे फटी बुजवण्याला एसीच्या खोलीपुरतंच महत्त्व आहे. आपली खरी लढाई छतावर आहे: विदर्भ-मराठवाड्यात उन्हाशी, कोकण-मुंबईत पावसाशी.

मोजमाप: वरून दिसतं ते अपुरं असतं

सॅटेलाइटच्या चित्रावरून किंवा ड्रोनच्या फोटोवरून क्षेत्रफळ दहा मिनिटांत मिळतं. पण ते फक्त आडवं क्षेत्रफळ असतं. ३० × ४० फुटांची गच्ची घ्या. ॲप १,२०० चौरस फूट दाखवेल. कडेची लांबी १४० फूट. वॉटरप्रूफिंग कठड्यावर किमान एक फूट चढवायचं, म्हणजे आणखी १४० चौरस फूट, जवळजवळ १२ टक्के जास्त. टाकीचे चौथरे, जिन्याच्या खोलीच्या भिंती, पाइपांचे पाय हे वेगळंच. शिवाय चित्रात कठड्याची जाडी आणि छज्जाही क्षेत्रफळात धरला जाऊ शकतो. म्हणून ॲपचा आकडा अंदाजपत्रकापुरता घ्या. माल मागवण्याआधी टेपने किंवा लेझर मीटरने प्रत्यक्ष मोजा.

लेझर लेव्हल मात्र जरूर घ्या. उतार किमान १०० ला १ हवा, म्हणजे १० फुटांत साधारण ३० मिलिमीटर. पाण्याच्या नळीनेही हे मोजता येतं आणि नीट धरली तर ती चुकत नाही, पण दोन माणसं अडकतात. लेझरने एकटा मिस्त्री दर पाच फुटांवर आकडा घेऊन खडूने फरशीवर लिहू शकतो. भर दुपारी उन्हात लेझरची रेघ दिसत नाही. सकाळी लवकर नाहीतर दिवस कलल्यावर मोजा, किंवा रेघ पकडणारा रिसीव्हर लावा.

जुन्या कोब्यावर उतारासाठी नवा कोबा चढवायचा मोह टाळा. ब्रिकबॅट, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या, कोब्याचा चार-पाच इंचांचा थर दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भार टाकतो. तोच थर दोनदा पडलेल्या इमारती कमी नाहीत. उतार फार बिघडला असेल तर जुना कोबा काढावाच लागतो. तो कसा आणि किती काढायचा, हे जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारूनच ठरवा.

ओल शोधणं: कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही

थर्मल कॅमेरा फक्त तापमान दाखवतो. ओल आहे असं तो सांगत नाही. तो अर्थ माणसाने काढायचा असतो. म्हणून त्याचा वापर वेळ साधून करावा लागतो.

खालच्या घरातून छत पाहताना ओला भाग बाष्पीभवनामुळे आजूबाजूपेक्षा थंड दिसतो. त्यासाठी पंखा आणि एसी किमान तासभर बंद ठेवा, नाहीतर पंख्याच्या झोताचा पट्टा गळतीसारखा दिसतो. वरून गच्ची पाहायची तर सूर्य मावळल्यावर तास-दोन तासांनी. दिवसभर तापलेल्या छतात जिथे पाणी साठलंय तिथली उष्णता हळू उतरते आणि तो भाग गरम दिसतो. दिवसा घेतलेल्या चित्रात सावल्या, शेवाळ आणि रंगाचे डागच जास्त दिसतात. आणि चायना मोझॅकखाली पाच इंच कोबा असेल तर वरून घेतलेल्या चित्रावर फार विसंबू नका; तिथे खालून घेतलेलं चित्र जास्त उपयोगी पडतं.

चमकदार पत्र्यावर कॅमेरा आणि इन्फ्रारेड गन दोन्ही फसतात, कारण पत्रा आकाश परावर्तित करतो आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा खूप कमी येतो. उपाय सोपा आहे: पत्र्यावर इलेक्ट्रिकची काळी टेप चिकटवा, पाच मिनिटं थांबा आणि टेपवर मोजा.

कॅमेऱ्यात संशयास्पद दिसलेली प्रत्येक जागा मॉइश्चर मीटरने तपासा. टोकं टोचणारा मीटर क्षार फुटलेल्या प्लास्टरवर जास्त आकडा दाखवतो, भिंत कोरडी असली तरी. नुसता टेकवायचा मीटर सळईजवळ आला की चुकतो. दोन्ही मीटर एकच सांगत असतील, तरच ती ओल धरा. आणि छतावर डाग जिथे दिसतो तिथेच वर भोक असेल असं समजू नका. पाणी स्लॅबमधून आणि वायरिंगच्या पाइपातून कित्येक फूट सरकतं. डागाच्या जागेवरून नाही, तर वरच्या सर्वांत जवळच्या कडेपासून शोध सुरू करा.

ड्रोनचा सर्वांत चांगला उपयोग गच्चीवर नाही, बाहेरच्या भिंतीवर आहे. सातव्या मजल्यावरच्या भेगा पाहायला झुल्यावर माणूस लटकवावा लागत असेल, तर ते काम ड्रोनला द्यायलाच हवं. इथे यंत्र माणसाचा जीव वाचवतं. उडवण्याआधी २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर ती जागा कोणत्या झोनमध्ये येते ते बघा. विमानतळ आणि लष्करी हद्दीजवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. सोसायटीची लेखी संमतीही घ्या. घराघरांच्या खिडक्यांसमोर कॅमेरा फिरणार असतो.

ऊन: पहिला इंच सर्वांत मोलाचा

उघडा १५० मिलिमीटरचा स्लॅब दर चौरस मीटरला, दर अंश तापमानफरकामागे, सुमारे ३.३ वॅट उष्णता आत सोडतो. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या २०१८ च्या इको निवास संहितेत छतासाठी ही मर्यादा १.२ आहे. वर २५ मिलिमीटर एक्सपीएस बोर्ड (दाबून बनवलेला कडक फोमचा पत्रा) टाकला तर आकडा सुमारे ०.९ वर येतो. ५० मिलिमीटर टाकला तर ०.५ वर. पहिल्या इंचाने फार मोठा फरक पडतो, दुसऱ्याने त्यामानाने थोडा. पैसे कमी असतील तर २५ मिलिमीटर अख्ख्या गच्चीवर टाका. अर्ध्या गच्चीवर ५० टाकू नका.

पांढरा कूल रूफ रंग हा आकडा बदलत नाही. तो ऊन परतवतो, म्हणून स्लॅब मुळात कमी तापतो. स्वस्त आणि चांगला उपाय आहे, पण धूळ बसली की परतवण्याची ताकद घटते. उन्हाळ्याच्या तोंडाशी गच्ची धुवायची अट ग्राहकाला लेखी द्या.

थर्मोकोल, म्हणजे ईपीएस, वॉटरप्रूफिंगच्या वर घालू नका. ते हळूहळू पाणी पितं आणि रोधन संपतं. क्रम असा: आधी उतार, मग वॉटरप्रूफिंग, मग पाण्याची चाचणी, मग एक्सपीएस, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर जाळी घालून दोन ते तीन इंचांचा काँक्रीट थर. बोर्डाचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका, विटांसारखे सांधा मोडून लावा.

माळवदाच्या घरात यातलं काही करण्याआधी थांबा. पांढऱ्या मातीचा जाड थर स्वतःच चांगला रोधक आहे. त्यावर हवाबंद कोटिंग मारलं तर आत शिरलेली ओल कोंडते आणि खालच्या तुळया कुजतात.

एअरलेस मशीन

मशीन मांडणं आणि शेवटी धुणं यात तास-दीड तास जातो. त्यामुळे चार-पाचशे चौरस फुटांच्या आतल्या गच्चीला रोलरच परवडतो. त्याहून मोठ्या गच्चीवर मशीन कोटिंगचा वेळ निम्म्याहून कमी करतं.

मालाचा हिशेब आधी करा. एक लिटर माल एक चौरस मीटरवर पसरला की ओला थर एक मिलिमीटर होतो. घन भाग घनफळाने ५० टक्के असेल तर वाळल्यावर अर्धा मिलिमीटर उरतो. डब्यावर घन भाग वजनाने लिहिला आहे की घनफळाने, हे वाचा. वजनाचा आकडा मोठा असतो आणि त्यावर हिशेब केला की थर पातळ पडतो. वरच्या उदाहरणातली गच्ची कठड्यासकट १,३४० चौरस फूट, म्हणजे सुमारे १२५ चौरस मीटर. वाळलेला थर ०.६ मिलिमीटर हवा तर दर मीटरला १.२ लिटर, एकूण १५० लिटर, वर १० टक्के नुकसान धरून १६५. वीस लिटरच्या नऊ बादल्या मागवा.

गन फरशीपासून एक फुटावर, काटकोनात धरा. मनगटाने झुलवू नका, अख्खा हात चालवा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. दुसरा कोट पहिल्याला आडवा मारा. दर दहा-बारा पावलांवर ओल्या थरात जाडी मोजायचा कंगवा टेकवून बघा; हा कंगवा स्वस्त असतो आणि हातातल्या सगळ्या साधनांत सर्वांत उपयोगी हाच ठरतो.

बिघडतं ते बहुधा इथे:

- माल गाळला नाही, म्हणून टिप, म्हणजे गनचं बारीक तोंड, तुंबते. प्रत्येक बादली जाळीतून गाळा.
- कोटिंगमध्ये फायबर आहे. असा माल बारीक टिपमधून जात नाही. तो ब्रशने किंवा रोलरनेच लावा.
- टिप झिजली. फवाऱ्याचा पंखा अरुंद होतो, माल जास्त पडतो आणि मधे जाड, कडेला पातळ पट्टे उमटतात.
- गच्चीवरच्या लांब, बारीक वायरमुळे व्होल्टेज पडतं आणि मोटर दम टाकते. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि १५ अँपिअरचं सॉकेट वापरा.
- वारा. शेजारच्या गाडीवर पांढरे ठिपके पडले की दिवसाची मजुरी गेली. वारा वाढला की गन ठेवा, रोलर घ्या.
- दुपारी बारा ते चार काम. तापलेल्या फरशीवर वरची साय लगेच धरते, आतली वाफ फोड आणते. सकाळी दव उडाल्यावर सुरू करा आणि उन्हं चढायच्या आत थांबा. फरशीचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते) किमान तीन अंशांनी जास्त हवं.

कोरडेपणा तपासायला महागडं साधन नको. दीड फूट चौरस प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि किमान १६ तास ठेवा. खाली घाम आला किंवा फरशी काळवंडली तर कोट मारू नका.

पीयू फोम: मशीन हुशार, तरी स्लॅब ओला की कोरडा हे त्याला कळत नाही

पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. त्याचे दोन द्रव, आयसोसायनेट आणि पॉलिऑल, सारख्या मापात गरम होऊन गनमध्ये मिसळतात. चांगल्या मशीनवर दोन्ही बाजूंचा दाब दिसतो आणि तोल बिघडला की मशीन आपोआप थांबतं. पण ओल्या स्लॅबवर ते खुशाल फवारत राहतं. आयसोसायनेट पाण्याशी संयोग पावून वायू सोडतं. फोम फुगलेला दिसतो पण खालून सुटतो. काम सुरू करताना पुठ्ठ्यावर फूटभर फवारा, थंड झाल्यावर कापून बघा. ठिसूळ आणि चुरा होणारा असेल तर आयसोसायनेट जास्त, मऊ आणि चिकट असेल तर पॉलिऑल जास्त. एका हातात १०–१५ मिलिमीटरच मारा. जाड थर आतून तापतो आणि भेगा पडतात. फोमला ऊन सोसत नाही, म्हणून वरचं संरक्षक कोटिंग लांबवू नका. फोमजवळ वेल्डिंग आणि कटर बंद.

आयसोसायनेटच्या वाफेने दमा जडू शकतो आणि एकदा जडला की थोड्याशा वाफेनेही उसळतो. फवारणाऱ्याला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क द्या. तोंडाला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क इथे काही कामाचा नाही. खालच्या मजल्यावरच्या खिडक्या बंद करवून घ्या आणि पाण्याच्या टाक्यांची झाकणं प्लास्टिकने बांधा.

कडा

१४० फूट कडेला दोन इंचांचा वाटा, म्हणजे गोलाई, मारायला जेमतेम पाच घमेली मसाला लागतो. एकास चार मसाला धरला तर सिमेंट वीस किलोच्या आसपास, अर्धी गोणीही नाही. पण मिस्त्री आणि बिगाऱ्याचा अख्खा दिवस जातो, आणि तो जायलाच हवा. कठड्याचं सुटलेलं प्लास्टर ठोकून काढा, सांधा तारेच्या ब्रशने घासा, पाणी मारा, पकड धरायला सिमेंटची पातळ स्लरी लावा, मग वाटा. सात दिवस पाणी मारा आणि पुरता वाळू द्या. त्यानंतर पहिल्या ओल्या कोटात फायबरची जाळी दाबा, निम्मी फरशीवर, निम्मी कठड्यावर. कोपऱ्यात जाळी ताणली की मागे पोकळी राहते. तिथे चीर देऊन एकावर एक चढवा.

पाइपाच्या तोंडाशी फरशी फूटभर घेरात बाकीच्यापेक्षा खोल घ्या आणि कोट पाइपाच्या आत दोन इंच उतरवा. पाइपावर जाळी बसवा.

प्रधानमंत्री सूर्य घर योजना २०२४ मध्ये आल्यापासून गच्चीवर सोलर वाढलं आहे. वॉटरप्रूफिंग आधी, सोलर नंतर, असा क्रम ठेवा. पाय बसवायला स्लॅबमध्ये भोकं पाडण्याऐवजी वजनी काँक्रीट ठोकळे मागा. ठोकळ्यांचं वजन स्लॅबला आणि वाऱ्याला पुरतं की नाही हे सोलरवाल्याकडून लेखी घ्या.

दरपत्रक आणि माणसं

सगळं काम चौरस फुटावर घेतलं की कडेचं काम फुकट जातं, म्हणून ते उरकलं जातं. दरपत्रकात ओळी वेगळ्या करा: मोकळा भाग चौरस फुटाने, वाटा आणि जाळी धावत्या फुटाने, पाइप आणि टाकीचे पाय नगाने, तपासणी आणि पाण्याची चाचणी ठोक. मशीनने पहिल्या ओळीचा दर खाली येईल, बाकीच्यांचा येऊ नये. ग्राहकालाही यातून कळतं की पैसे कुठे जात आहेत.

मशीन शिकवायचं ते जुन्या मिस्त्रीला. ओला स्लॅब त्याला पायाखाली कळतो. गन धरणं आठवड्यात जमतं, ही पारख जमायला वर्षं लागतात. मशीनसाठी भांडवल हवं असेल तर २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्री हा व्यवसाय आहे. पहिलं एक लाखाचं आणि ते फेडल्यावर दोन लाखांचं कर्ज पाच टक्के व्याजाने मिळू शकतं.

एक गोष्ट कंत्राटदारांच्या नजरेतून सुटते. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि दुरुस्तीचं कामही त्यात धरलं जातं. मशीनमुळे एका गच्चीचे दिवस घटले की बिगाऱ्याचे ९० दिवस अपुरे पडू शकतात. माणसं कमी-जास्त करण्याऐवजी तीच माणसं कडेच्या कामावर आणि पुढच्या गच्चीवर फिरवा, आणि हजेरी तारखेनिशी लिहून ठेवा.

चाचणी

उन्हाळ्यातला फरक दाखवायला दोन तापमान लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवत राहणारी छोटी यंत्रं, घ्या. एक छताला खालून, खोलीच्या मध्यावर, पंख्यापासून दूर. दुसरा बाहेर सावलीत. कामाआधी सात दिवस, नंतर सात दिवस, दर दहा मिनिटांना नोंद. दुपारचा आकडा पाहून घाई करू नका. काँक्रीटमधून उष्णता उतरायला काही तास लागतात, म्हणून संध्याकाळी सात ते रात्री अकरापर्यंतचा छत आणि बाहेर यांतला फरक बघा.

पाण्याची चाचणी वॉटरप्रूफिंग पुरतं वाळल्यावर आणि एक्सपीएस टाकण्याआधी. पाइपांची तोंडं फुग्याच्या प्लगने बंद करा. सर्वांत उंच जागी इंचभर पाणी राहील इतकं भरा; सरासरी दोन इंच धरलं तर १,२०० फुटांच्या गच्चीला ५,६०० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या निम्म्याहून थोडं जास्त. दर चौरस मीटरला हा ५० किलो भार आहे. झुलता छज्जा, सळई उघडी पडलेला स्लॅब यांवर पाणी भरू नका. किमान ४८ तास ठेवा. पाण्याची पातळी कठड्यावर पेन्सिलने आखा आणि शेजारी एका उघड्या बादलीतही खूण करा, म्हणजे उन्हाने किती उडालं आणि स्लॅबने किती ओढलं हे वेगळं कळेल. खालची छतं आधी, २४ तासांनी आणि ४८ तासांनी त्याच जागेवरून, त्याच वेळी कॅमेऱ्याने टिपा. पाणी सोडताना एका वेळी एकच तोंड उघडा आणि खालच्या मजल्यावर पाइपाच्या जोडाशी एक माणूस उभा ठेवा. पाइपाची गळती तेव्हाच पकडता येते.